दहा मिनिटांचं दही

नागपूरला विमानात बसता बसता कुमुदिनीबाईंनी डब्यातल्या कोमट दुधाला विरजण लावलं आणि झाकण घट्ट दाबलं.

"आई, दहा मिनिटांत गुवाहाटी! तिथं काय दही मिळत नाही?" हेरंब हसला.

बाईंनी डबा पिशवीत नीट ठेवला. या नव्या विमानानं दर आठवड्याला ये-जा करणारा त्यांचा लेक तिशीतच पिकला होता. ऑफिसचा ताण, म्हणायचा. बाईंना ते पटत नव्हतं.

पट्टे बांधले, सगळ्यांना गुंगी आली, नि जाग आली तेव्हा विमान उतरलं होतं. घड्याळात दहाच मिनिटं सरली होती.

बाईंनी डबा उघडला. आंबूस भपकारा आला. दह्याला पाणी सुटलं होतं, वर बुरशी धरली होती.

"उकाड्यानं झालं असेल," हेरंब म्हणाला.

बाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. सकाळी घाईत त्याची दाढी राहिली होती, तरी गाल गुळगुळीत होता, नि त्याला कुठल्यातरी परक्या साबणाचा वास येत होता.

"परतीचं तिकीट रद्द कर. रेल्वेनं जाऊ."

"अगं, दोन दिवस लागतील!"

"लागू देत. दोनच लागतील ना?"