ब तुकडीची तपासणी

पहिल्या बाकावरचा बसवराज उत्तर विसरला होता आणि अंबादास सर त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते. आठ दिवस घोटून घेतलेलं कार्टं ऐन वेळी असा दगा देतं! आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी सरांचं नाव पुढं जायचं की नाही, ते मुरुम गावच्या या अकरावी ‘ब’च्या तपासणीवर ठरणार होतं.

जिल्ह्याहून आलेल्या राजेश्वरी मॅडमनी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला. अंगातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचं पुस्तक तेच. मग कातडीच्या पेशीच्या दोन पेशी झाल्या की दोन्ही कातडीच्याच का होतात? एखादी काळजाची का होत नाही?

शेवटच्या बाकावरून तहरीम उठली. या पोरीची आशा सरांनी ती वर्गात आली त्याच दिवशी सोडली होती.

“पुस्तक तेच असंल, मॅडम,” ती म्हणाली, “पण जी पानं त्या पेशीनं वाचायची न्हाईत, त्यांना पिना मारलेल्या असतील. आणि एकीच्या दोन झाल्या की पुस्तकासंगं पिनाबी जात असतील.”

मॅडम खूश झाल्या. अगदी बरोबर, पुस्तकाबरोबर खुणांचीही नक्कल होते, म्हणाल्या. फाईलमध्ये त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि हे झकास उदाहरण कुणाचं, असं विचारलं.

लक्ष्मी टिळा लावायला आल्यावर तोंड धुवायला जाणाऱ्यांतले अंबादास सर नव्हते.

“पिनांचं उदाहरण माझंच, मॅडम,” ते हात जोडून म्हणाले. आपण शिकवताना हातचं राखत नाही, ब तुकडी झाली म्हणून काय, तीही आपलीच लेकरं, असं ते चांगली पाच मिनिटं बोलले.

मॅडमनी कौतुकानं तहरीमला विचारलं, हा धडा सरांनी कधी शिकवला?

तहरीमनं पुस्तक पुढं केलं. पहिल्या पानावर तिच्या थोरल्या बहिणीचं, फरहानाचं नाव होतं. त्याखाली तिचं.

“शिकवला न्हाय, मॅडम. फरहाना आपाला झेपायचा न्हाय म्हणून सरांनी तिच्या पुस्तकात या धड्याला पिना मारल्या. तेच पुस्तक मला आलं.”

सर खिडकीबाहेर बघू लागले. तहरीमनं गंजलेल्या पिनेखाली नख घातलं.

“आता काढू का, सर?”