मंगळ्याचा रंग

२०१९ साली शिमगा उलटल्यावर धसईच्या बाईजाचा काळा कुत्रा तांबडा दिसायला लागला.

आधी शेपटीकडे, मग पाठीवर. सकाळी ओट्यावर उन्हात उभा राहिला की करपलेल्या नाचणीच्या भाकरीचा पापुद्राच जणू. मंगळवारी सापडला म्हणून त्याचं नाव मंगळ्या. बाईजाच्या नवऱ्याचा, नामाचा तो कुत्रा. नामा होता तेव्हा इतका काळा, की तिन्हीसांजेला दारात त्याच्यावर पाय पडायचा. नामा गेल्यावर त्याच्या मागे बाईजाने जपून ठेवावं असं हे एवढंच उरलं होतं.

घर गावाबाहेर, शेतावर. राहणाऱ्या दोघीच, बाईजा आणि तिची सून माधुरी. मुलगा किशोर गुजरातेत ट्रेलर चालवायचा, सणासुदीला यायचा.

चुलीवरची पहिली भाकर कुत्र्याची, त्याने खाल्ल्याशिवाय माणसांनी घास घ्यायचा नाही, असा नामाचा नेम होता. भाकरी माधुरी भाजायची, म्हणून घालायचीही तीच. तेव्हा कुत्र्याचा रंग उतरला याचा बाईजाने एकच अर्थ लावला.

"तुमच्या सापगावात कुत्र्याला भाकर नुसती दाखवून परत टोपलीत ठेवतात काय गो?"

सापगाव माधुरीचं माहेर. "घालते ना आत्या, रोज," ती म्हणाली.

"मग जाते कुठं?"

माधुरीने पुढची भाकर तव्यावर टाकली.

मंगळ्या शेताची हद्द ओलांडत नसे, म्हणून बाजारच्या दिवशी बाईजा एकटीच जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने बसल्या जागी कारणं सांगितली. काळा केस उन्हाने विटतो, पोटात कस कमी गेला तरी विटतो, कुत्रा सारखा अंग चाटत असेल तर थुंकीनेही तांबूस होतो. सावलीत बांधा, अंडी-मासळी घाला, जुने केस झडून नवे आले की काळा होईल. बाईजाने त्यातलं पोटाचं तेवढं लक्षात ठेवलं.

मग माधुरी अंडं घालू लागली, सुकट घालू लागली. बाईजा समोर बसून बघायची. माधुरीने कुत्र्याला आंब्याखाली बांधला. त्याने दोरी चावून तोडली आणि खळ्यात उन्हात जाऊन पडला. तिने खोबरेल चोळलं. ते त्याने चाटून काढलं. पाऊस सरला, भात पोटरीला आलं, कुत्रा तांबडा तो तांबडाच. माधुरी एकदा त्याच्यासमोर बसून म्हणाली, "आता काय करू रे तुला?" तो शेपटी हलवत राहिला.

"माझ्यासमोर घालतेस ते मी बघते," बाईजा म्हणायची. "मी निजल्यावर काय करतेस, ते कोण बघतं?"

दसऱ्याच्या आधी तिने किशोरला स्पीकरवर फोन लावला. माधुरी तिथेच भांडी घासत होती. "तुझ्या बापाचा कुत्रा ही उपाशी ठेवते. ये, डोळ्यांनी बघ, आन् हिला सापगावला नेऊन घाल."

किशोर वैतागला. एका कुत्र्यापायी काय हे, म्हणाला. पण आईचा हेका सुटेना. शेवटी त्याने कबूल केलं की कुत्रा खरंच तसा दिसला तर आई म्हणेल तसं करीन. माधुरीने ते सगळं ऐकलं. तिचा हात थांबला नाही.

त्याच आठवड्यात बाईजाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मुरबाडला होतं. ती एसटीने गेली, किशोर गुजरातेतून परस्पर तिथेच आला. गुरांसाठी माधुरी घरी राहिली.

पट्टी काढताना डॉक्टर म्हणाले, "आता खरे रंग दिसतील, आजी. मोतीबिंदू पिकला की पांढरं पिवळं दिसतं, काळं तपकिरी."

घर येईपर्यंत वाटेत दिसेल ते काळं कुत्रं बाईजा मान वळवून बघत राहिली.

दारात मंगळ्या उभा होता. कोळशासारखा काळा. तो धावत अंगावर येणार, तोच माधुरीने त्याला मागे ओढला. "जवळ नका घेऊ. आताच धुतलाय, ओला हाय."

किशोर मोठ्याने हसला. "आये, डोळे तुझे गेलेले, आन् उपाशी कुत्रा?"

बाईजा ओट्यावर बसली. मग म्हणाली, "माधुरे, काळा हाय म्हणून तू का नाय बोललीस गो?"

"तुमी ऐकलं असतं, आत्या?"

डॉक्टरांनी रडायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून बाईजाने पदर तोंडात धरला.

पुढच्या वर्षी किशोरने ट्रेलर सोडला. आता मुरबाड-धसईत त्याचा स्वतःचा टेम्पो फिरतो. बाईजा अजून आहे. लग्नात कुणी सुनेची कागाळी करू लागली की विचारते, "आधी डोळे तपासलेस काय गो?" मंगळ्या थकलाय, दात पडलेत, पण तोंडावरसुद्धा पांढरा केस नाही, याचं येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवल वाटतं. आणि माधुरी बाजाराला गेली की काळ्या मेंदीची दोन पाकिटं घेते, तेव्हा दुकानदार दरवेळी थट्टा करतो, "वहिनी, तुमचा तर एक केस पिकला नाय अजून, लावता कोणाला?"