शिलाँगची फायनल

"शिलाँगची कॉलेजची फुटबॉल मॅच कुठल्या टीव्हीवर दिसंल?" कोल्हापुरातल्या दुकानात शिरताच विलासराव सासन्यांनी विचारलं.

इथली इंजिनिअरिंगची जागा सोडून ऋतुजा फुटबॉलसाठी तिकडच्या कॉलेजात गेली, तेव्हापासून आठ महिने त्यांनी लेकीशी अबोला धरला होता. आज तिची फायनल आहे, हे बायकोनं सकाळी सांगितलं. घरच्या केबलवर तिकडचं चॅनेल लागत नव्हतं, शेजाऱ्यांच्या डिशवरही नाही.

"नवा टीव्ही कशाला काका?" दुकानदार म्हणाला. "तिकडच्या चॅनेलचं ॲप हाय. ही इंटरनेटवाली स्टिक जुन्या टीव्हीला लावली की झालं." खात्री पटावी म्हणून त्यानं ती दुकानातल्या मोठ्या टीव्हीला जोडली. मॅच नुकतीच सुरू झाली होती आणि गोलपोस्टसमोर ऋतुजा उभी होती.

विलासराव तिथल्याच एका खोक्यावर बसले. थोड्या वेळानं दुकानदारानंही स्टूल ओढलं. ऋतुजाचा संघ एका गोलनं पुढं होता. अगदी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. ऋतुजानं डावीकडं झेप घेऊन चेंडू छातीशी कवटाळला.

"पोरगी लई भारी हाय," दुकानदार म्हणाला. "कुठली म्हणायची?"

"आमचीच," विलासराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला. पेनल्टी लई भारी अडवलीस, म्हणाले. ऋतुजा हळूच म्हणाली, "पप्पा, ही मॅच तिथं दिसती?"

"दिसायची सोय केलीया," ते म्हणाले. "पुढची कधी हाय, तेवढं सांग."