शेजारच्या सीटवरून

“तुम्ही गाडी चालवत होता, तर हा फोटो कोणी काढला?”

उज्ज्वलाने विचारलं आणि भेस्तानच्या त्या खोलीत पोह्यांच्या बशा सगळ्यांच्या हातातच राहिल्या. “मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या,” असं पाहुणे रीत म्हणून म्हणाले होते. त्यावर मुलीने मान खाली घालून नाही म्हणायचं, हीसुद्धा रीतच. पण स्थळाचा फोटो तिच्या बारावीच्या वर्गात आठवडाभर फिरला होता आणि मैत्रीण मंदाने पैज लावली होती, विचारून दाखव, महिनाभर पाणीपुरी माझ्याकडून.

फोटो होता मात्र झकास. नैरोबीत नोकरीला असलेला ललित स्टिअरिंगवर हात ठेवून हसतोय आणि त्याच्या खिडकीपलीकडे, पिवळ्या गवतात, सिंहीण.

आत्तापर्यंत ललित चांगला रंगात आला होता. तिकडच्या जंगलात आपली गाडी आपणच चालवायची. काच खाली करायची नाही, दार उघडायचं तर नावच नको. “सिंह शोधत बसायचं नसतं, नाना,” तो उज्ज्वलाच्या वडिलांना सांगत होता. “हरणं चरता चरता थांबतात, सगळी एकाच बाजूला बघायला लागतात. आपणही तिकडेच बघायचं. दर रविवारी जातो मी. एकटाच.”

आता त्याच्यासोबत आलेले काका आणि मेव्हणे, दोघंही चमचे धरून प्रमिलामावशीकडे बघत होते. मावशी त्याची, आणि हे स्थळही तिनेच आणलेलं.

उज्ज्वलानेही तिकडेच बघितलं.

“शेठनी काढला असेल,” मावशी म्हणाली.

“मित्र होता एक,” ललित त्याच वेळी म्हणाला.

“तुले काय करनं शे?” माय उज्ज्वलाच्या कानाशी पुटपुटली. नानांनी घाईघाईने चहा आणायला सांगितलं.

पाहुणे उठले तेव्हा मावशीने तो फोटो अलगद पर्समध्ये टाकला.

“राहू द्या ना,” उज्ज्वला म्हणाली. “आम्हालाच दिला होता.”

“दुसरा पाठवते गं. सुटातला. स्टुडिओत काढलेला आहे.”

दार लागलं तसे नाना खाटेवर बसले. “शेठ काय, मित्र काय, परदेशात सगळं एकच असतं. हुंड्याचं नाव काढत नाहीत ते लोक. आणि तू फोटो घेऊन बसलीस.”

“आता कसला होकार येतो,” माय बशा गोळा करत म्हणाली.

उज्ज्वलाने खांद्यावरची साडीची पिन काढली.

“त्यांच्या होकाराची वाट बघू नका, नाना. माझा नकार आजच कळवा. शेजारच्या सीटवर कोण बसतं, ते त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”