थ्रीडीचे दोन चष्मे

रुचिकाच्या पर्समध्ये सिनेमाचे दोन चष्मे निघाले. ती अंघोळीला गेली होती आणि बसवराज कपाटाची किल्ली शोधत होता. किल्ली राहिली बाजूला. ते काळे, प्लास्टिकचे चष्मे हातात धरून तो पलंगावरच बसला. थ्रीडी सिनेमाला दारात देतात आणि सुटताना परत घेतात, तेच हे. परळीत असले काही मिळत नाही. आणि एक नव्हे, दोन.

म्हणजे जोडीने गेली होती. कुणाबरोबर, ते सांगायला ज्योतिषी नको होता. तिचे गाईड, विजयसिंह सर! रुचिका पीएच.डी.साठी अंबाजोगाईच्या कॉलेजात जाऊ लागली तेव्हा बसवराजानेच गल्लीत पेढे वाटले होते. आता जेवताना सर, चहाला सर. सरांनी असं सांगितलं, सरांना तसं आवडलं. आपले नाव तिने इतक्या कौतुकाने शेवटचे कधी घेतले, हे त्याला आठवेना. त्याने चष्मे गुपचूप खिशात टाकले आणि दुकान उघडायला गेला.

दुकान वैजनाथाच्या देवळाच्या वाटेवर, पूजेच्या सामानाचे. दिवसभर तो शंखांवरची उदबत्तीची राख पुसत होता आणि आतल्या आत जळत होता. एका बाईने उजव्या वळणाचा शंख मागितला, तर याने डाव्या वळणाचा काढून दिला. तीन पिढ्यांच्या धंद्यात असे कधी झाले नव्हते. दिवाळीआधी त्याने स्वतः म्हटले होते, चल, लातूरला सिनेमा बघू. तेव्हा बाईसाहेबांना प्रयोगातून वेळ नव्हता! शेवटी माल भरायला तो एकटाच लातूरला गेला. आणि सरांबरोबर मात्र वेळ निघतो. त्याने ठरवून टाकले.

संध्याकाळी रुचिका बसमधून उतरून थेट दुकानात आली. चेहऱ्यावर हसू होते. ते पाहून तर त्याचे डोकेच फिरले.

"उद्यापासून कॉलेज बंद," तो म्हणाला आणि चष्मे काउंटरवर आपटले. "कोणासंगं गेलतीस?"

तिने चष्म्यांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. हसू गेले. पण ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली काचेची पट्टी काढली. पट्टीवर नखाएवढा लालसर डाग होता.

"तुमालाच दाखवायला आणली होती. चष्मा घाला. काच बल्बाकडं धरा. आता डावा डोळा मिटा."

डाग लालभडक दिसला.

"आता उजवा मिटा."

डाग काळवंडला. बसवराजाने पुन्हा डोळे बदलून पाहिले. काच तीच, बल्ब तोच.

"सोन्याचे कण हायेत," ती म्हणाली. "डोळ्याला दिसायचे न्हाईत इतके बारीक. आमी ते तुमच्या शंखावानी वळत वळत बसवले. उजेडालाबी पीळ असतो, डावा आन् उजवा. कणांचं वळण एका पिळाला वाट देतं, दुसऱ्याला अडवतं. ह्या चष्म्याच्या एका काचेतून डावा पीळ येतो, दुसरीतून उजवा. म्हणून दोन डोळ्यांना दोन तऱ्हा दिसतात. लॅबमधलं पीळ मोजायचं यंत्र बंद पडलंय, तवर ह्या चष्म्यांवरच काम चालतंय. काल पहिल्यांदा वळण जमलं, पट्टी घरी आणायला आज मिळाली."

बसवराजाचा जीव भांड्यात पडला. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि बायकोचे कौतुकही वाटले. त्याने गल्ल्यामागचे स्टूल पुसून तिच्यापुढे सरकवले.

"मग आधी सांगायचं न्हाई का! मी आपला दिवसभर कायबाय मनात घेऊन बसलो. जा उद्या. खुशाल जा."

तरी एक ठिणगी उरलीच होती. काच परत देता देता त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "चष्मे सरांनी आणून दिले व्हय?"

"न्हाई." रुचिका काच रुमालात गुंडाळू लागली. "दिवाळीआधी तुमी एकलेच माल भरायला लातूरला गेलता. आल्यावर धुवायला टाकलेल्या तुमच्या पँटच्या खिशात सापडले. दोन होते. मी इचारलं का?"