मंदाताईंचा सल्ला

माझ्या सासऱ्यांनी लाखनीत तीस वर्षं 'परसदार' मासिक चालवलं. आता ते बंद पडलं, तरी घरात शब्द अजून त्याचाच चालतो.

सकाळपासून माझी दहा महिन्यांची रेणू तापाने फणफणली होती. दुपारी तर ती दूधही ओढेना, हाक मारली तरी डोळे उघडेना. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, त्याचा मोबाइल गेटवर जमा. मी दवाखान्याची पिशवी भरली, तर सासूबाई 'परसदार'चा जुना अंक 'मंदाताईंचा सल्ला' या पानावर उघडून दारातच बसल्या.

"दात येऊन राहिले तिले. डॉक्टर मंदाताईनं साफ लिहिलं आहे, दातांच्या तापाले दवाखाना नाही लागत. माही दोन्ही पोरं अशीच वाढली. तू मंदाताईहून जास्त शिकली काय?"

"मग त्यांनाच फोन लावा ना, बाबा!" मी रडत सासऱ्यांना म्हणाले. "कुठे असतात त्या? एकदा रेणूला बघा म्हणावं."

सासऱ्यांनी चपला घातल्या आणि सासूबाईंना हाताला धरून दारातून उठवलं.



"चल सूनबाई, पोरीले घे. अंकात जागा उरली का मीच मंदाताई होत होतो."