हिच्या वाटचं

डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून रिबेका आवाज मोजत होती. बायकांच्या प्रार्थनासभेत एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची; आणखी दोघी बोलल्या की तिचीच पाळी. लेकाच्या रक्ताचा वाईट रिपोर्ट आल्यापासून तिला प्रार्थनेचा एक शब्दही सुचला नव्हता. आज ते सगळ्यांना कळणार होतं.

शेजारी बसलेल्या सगुणामावशींची प्रार्थना संपली. खोलीत फक्त पंखा ऐकू येऊ लागला. आता रिबेकाची पाळी. तिने पदर आणखी पुढे ओढला.

“प्रभू, ही पोर दमलीय,” मावशीच पुन्हा बोलल्या. “आज हिच्या वाटचं आम्ही मागतो. हिच्या योएलला बरं कर.”

मग पहिल्या बाईने पुन्हा सुरुवात केली, मग दुसरीने. योएलचं नाव घेत एकेक आवाज रिबेकाकडे सरकत आला.

या वेळी तिला एकच शब्द जमला, सगळ्यांच्या आधी.

“आमेन.”